सात बाटल्या आणि बॅटरी-रूमचे वैरागडे

भोपाळच्या मे महिन्यात लोकरीचा स्वेटर घालून कामावर जाणारा माणूस बरखेड्याच्या सगळ्या वसाहतीत एकच होता. शांताराम वैरागडे. नवीन भरती झालेली पोरं हसायची. "वैरागडेजी को ठंड बहुत लगती है," म्हणायची. मग त्यातलाच एखादा बॅटरी-रूममध्ये कामाला यायचा आणि पंधरा दिवसांत त्याच्या नव्या सुती शर्टाची चाळण व्हायची. बॅटरीतलं तेजाब सुती कापड खातं. लोकरीला ते फारसं काही करत नाही. हसणारा पोरगा मग मुकाट्यानं घरून जुना स्वेटर घेऊन यायचा.

कारखान्याच्या मुख्य सबस्टेशनच्या मागे ही खोली होती. लाकडी मांडणीवर दोन ओळींत काचेचे एकशे दहा सेल. कारखान्याची वीज कधी गेलीच तर सगळी मोठमोठी स्विचं याच सेलांच्या जिवावर चालायची. शांतारामभाऊ अकोल्याहून आयटीआय करून आले ते थेट या खोलीत, आणि चौतीस वर्षं तिथंच राहिले. काम काय, तर प्रत्येक सेलमध्ये हायड्रोमीटर बुडवायचा, तेजाब किती दाट आहे ते वाचायचं, वहीत लिहायचं, पाणी कमी झालं असेल तर खुणेपर्यंत भरायचं, आणि पुढच्या सेलकडे जायचं. ऐकणाऱ्याला जांभई येईल असं काम. शांतारामभाऊंना ते फार आवडायचं.

त्यांना शिकवणारे बाळकृष्ण मिस्त्री मोठे शिस्तीचे होते. त्यांनी एक पद्धत घालून दिली होती. एक फेरी पहिल्या सेलपासून घ्यायची, पुढची शेवटच्या सेलपासून. शंभराव्या सेलशी पोचेपर्यंत माणसाचा डोळा थकतो, मग तो हायड्रोमीटर न बघता मागच्या फेरीचाच आकडा उतरवतो. शेवटच्या दहा सेलांवर कायम हाच अन्याय का, असं मिस्त्रींचं म्हणणं. शांतारामभाऊंनी चौतीस वर्षांत ही पद्धत एकदाही मोडली नाही. पहिल्या दिवशी एककडून, दुसऱ्या दिवशी एकशे दहाकडून.

मग कारखान्यात बंद डब्यातल्या नव्या बॅटऱ्या आल्या. त्यांच्यावर छापलंच होतं, की देखभालीची गरज नाही. शांतारामभाऊंना स्टोअरमध्ये एक टेबल मिळालं. निवृत्तीला वर्ष उरलं होतं. बरं झालं, आता स्वेटर नको, असं ते सगळ्यांना सांगायचे. पण त्यांच्या बायकोला, सुधाला, खरं काय ते दिसत होतं. ती उज्जैनची, शाळेत गणित शिकवून नुकतीच मोकळी झालेली, आणि बोलण्यात कुणाला हार जाणारी नव्हती. तिनं नणंदेला फोनवर सांगितलं, "अगं, फ्रीजमधल्या पाण्याच्या सगळ्या बाटल्या हे रोज सकाळी एका लेव्हलला भरून ठेवतात. मी एक प्याले की दोन मिनिटांत परत भरलेली. मला तर आता पाणी प्यायचंच टेन्शन आलंय."

ती नणंद रत्नागिरीला दिलेली. तिची मुलगी कल्पना भोपाळच्याच एका संस्थेत संशोधन करायची. राहायची हॉस्टेलवर, पण रविवारी न चुकता मामाच्या क्वार्टरमध्ये जेवायला. तिचा विषय होता समुद्रातल्या तरंगत्या सूक्ष्म जीवांना होणारे परजीवी. वसाहतीत ज्याला ज्याला हे कळलं त्यानं एकच प्रश्न विचारला, की समुद्राचा अभ्यास करायला रत्नागिरीची मुलगी भोपाळला कशाला आली. कल्पना आता या प्रश्नाला कंटाळली होती. तिच्या गाइड वसुधा मॅडमनी वीस वर्षं मलेरियाच्या जंतूची जनुकं वाचली होती, आणि मलेरियाचे काही लांबचे भाऊबंद समुद्रात राहतात. त्या भाऊबंदांची जनुकं वाचायची तर यंत्रं आणि मॅडम भोपाळला. म्हणून समुद्राचं पाणी कॅनमध्ये भरून आगगाडीनं भोपाळला यायचं.

मामाला आणि मामीला तिनं एकदा जेवताना नीट समजावलं होतं. समुद्राच्या पाण्यात एकाच पेशीचे, बदामी रंगाचे जीव असतात. सुईच्या टोकावर बरेच मावतील एवढे. ऊन खाऊन जगतात. हा झाला यजमान. त्याचा शंभरावा भाग असेल नसेल असा परजीवी पोहत येतो, त्याच्या पोटात शिरतो, आतून त्याला खात मोठा होतो आणि दोन-तीन दिवसांत फोडून बाहेर पडतो. बाहेर पडताना एकाचे शंभर-दोनशे झालेले असतात. त्या सगळ्यांना लगेच नवा यजमान लागतो. नाही मिळाला तर तीन-चार दिवसांत मरतात.

"म्हणजे एक पाहुणा आला आणि जाताना दोनशे होऊन गेला," सुधा म्हणाली. "आमच्याकडे उन्हाळ्यात तुझ्या मामाचे अकोल्याचे चुलत भाऊ यायचे, तसंच."

कल्पनाला या परजीवीची सगळी जनुकं, पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत, वाचायची होती. त्यासाठी बाटल्याच्या बाटल्या भरून परजीवी लागणार होता. आणि अडचण अशी, की तिच्या बाटलीतला परजीवी एका जातकुळीचा नव्हता. जनुक वाचायला दिलं की मधूनच एका जागी दोन अक्षरं एकमेकांवर छापल्यासारखी यायची. दोन वेगळी घराणी मिसळलेली. केसासारख्या काचेच्या नळीनं एकच रोगट पेशी उचलून वेगळी वाढवायची, असं ती पाच महिने करत होती. पेशी उचलली जायची, पण जगायची नाही.

त्यात डिसेंबरमध्ये निरोगी यजमानच मरायला लागले. तिच्या बाटल्या फिक्या पडायला लागल्या. संस्थेत कुणी म्हणे पाणी खराब आलं, कुणी म्हणे दिवा जास्त आहे. रविवारी ती जेवायला आली ती बाटल्यांचं रडगाणं सांगत वरण-भात कालवत बसली. शांतारामभाऊंनी विचारलं, की बाटल्यांमधलं पाणी उडतं तेव्हा वरून काय घालता. समुद्राचंच पाणी घालतो, ती म्हणाली, दुसरं काय घालणार.

शांतारामभाऊंनी ताट बाजूला सरकवलं. "अगं, पाणी उडतं. मीठ कुठं उडतं?"

"म्हणजे?" तिनं विचारलं.

"तेजाबाचा सेल सुकला तर आम्ही वरून तेजाब घालतो का? साधं डिस्टिल्ड वॉटर. तेजाब आतच असतं. तू दर आठवड्याला नव्यानं मीठ घालतेयस पोरी."

दुसऱ्या दिवशी कल्पनानं संस्थेत जाऊन दोन्ही पाणी तराजूवर मोजलं. कॅनमधलं ताजं पाणी, शंभर मिलिलिटर, भरलं एकशे दोन ग्रॅम आणि वर थोडं. बाटलीतलं भरलं साडेतीन ग्रॅम जास्त. समुद्राच्या जिवाला लोणच्याच्या बरणीत ठेवल्यासारखं झालं होतं. तिनं नव्या पाण्यात नवे यजमान वाढवले, वरून डिस्टिल्ड पाणी घालायला सुरुवात केली, आणि जानेवारीच्या मध्यापर्यंत बाटल्या पुन्हा छान बदामी झाल्या. वसुधा मॅडमनी विचारलं, हे कुणी सांगितलं. कल्पना म्हणाली, माझ्या मामानं, तो बॅटरीवाला आहे. त्या दिवशी सुधानं पाहिलं, शांतारामभाऊंनी संध्याकाळी शिट्टी वाजवत स्कूटर पुसली. स्टोअरमध्ये बसायला लागल्यापासून हे पहिल्यांदाच.

फेब्रुवारीत संस्थेतल्या त्या खोलीचं वातानुकूलन बदलायचं काम निघालं. तीन आठवडे खोली बंद. त्याच दिवसांत कल्पनाला पंधरा दिवस रत्नागिरीला जाणं भाग होतं, कारण पाण्याचा पुढचा साठा आणायचा होता. मग बाटल्या कुठं ठेवायच्या? वसाहतीत वीज कधी जात नाही, हे सगळ्या भोपाळला माहीत. आणि मामा घरात. वसुधा मॅडमनी परवानगी दिली. सात उंच बाटल्या ऑटोत मांडीवर धरून, दर गतिरोधकाला ऑटोवाल्याला हळू, हळू म्हणत कल्पना बरखेड्याला आली. सुधानं धान्याची खोली रिकामी करून दिली. भिंतीला ट्यूबलाइट, बारा तास चालू, बारा तास बंद. फळीवर दारापासून खिडकीकडे एका ओळीत पाच निरोगी बाटल्या, मग हातभर जागा सोडून दोन लाल दोऱ्याच्या. लाल दोरा म्हणजे परजीवी आहे.

तिनं मामाला सूचना दिल्या. प्रत्येक बाटलीची वेगळी पिचकारी. लाल दोऱ्याच्या बाटल्यांना हात लावायचा नाही, दर चौथ्या दिवशी तिचा सहकारी उदय येऊन त्यांना ताजं खाद्य, म्हणजे निरोगी बाटल्यांतले यजमान, देईल. पाणी खाली गेलं तर खुणेपर्यंत भरायचं, बास. निघताना ती म्हणाली, "मामा, एवढंच आहे माझ्याकडे. बाहेर कुठंही दुसरी बाटली नाही. यजमान गेले तर परजीवी उपाशी मरतील, आणि पुढच्या मोसमापर्यंत मला ते किनाऱ्यावर मिळणार नाहीत. तोपर्यंत माझी फेलोशिपही संपलेली असेल."

"जा तू," शांतारामभाऊ म्हणाले. "एकशे दहा सांभाळलेत."

आता सूचना होत्या तेवढ्याच पाळल्या असत्या तर ही गोष्ट इथंच संपली असती. पण बॅटरी-रूमचा माणूस, समोर सात बाटल्या ओळीत, आणि आकडा एक नाही? पाणी खुणेपर्यंत भरलं हे दिसतं, पण आत मीठ किती आहे ते कुठं दिसतं? कल्पना गेली त्याच संध्याकाळी शांतारामभाऊ टी. टी. नगरला प्रयोगशाळेचं सामान विकणाऱ्या दुकानात गेले. बॅटरीचा हायड्रोमीटर इतक्या पातळ पाण्याला चालत नाही, हे त्यांना माहीत होतं. पण दुधाचा लॅक्टोमीटर चालतो. दुधात पाणी किती ते बघायला डेअरीवाले वापरतात तोच. ताजं समुद्राचं पाणी त्यावर तेवीस-चोवीस दाखवतं. वीतभर लांब, बाटलीच्या तोंडातून सहज आत जाणारा. त्यांनी एक नवी कोरी वहीही घेतली. सात रकाने आखले.

सोमवारी पहिली फेरी. लॅक्टोमीटर उकळत्या पाण्यातून काढला, एक नंबरच्या बाटलीत सोडला, आकडा वाचला, उकळून वाळवलेल्या फडक्यानं पुसला, दोन नंबरच्या बाटलीत सोडला. तेवीस, साडेतेवीस, तेवीस, चोवीस. सातव्या बाटलीपर्यंत. वहीत तारीख, वेळ, फेरी कुठून कुठं गेली त्याचा बाण, सही. सुधा दारात उभी राहून बघत होती. कितीतरी दिवसांनी तो माणूस पाठ ताठ करून उभा होता. तिनं काहीच टोमणा मारला नाही, चहा आणून दिला.

गुरुवारी दुसरी फेरी. पुढच्या सोमवारी तिसरी. सगळे आकडे सोन्यासारखे.

बुधवारी सकाळी ट्यूबलाइट लागला आणि शांतारामभाऊंना पाच नंबरची बाटली वेगळी दिसली. त्यांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. बाकीच्या बदामी, ही फिकी, आणि तळाशी चहाचा गाळ बसावा तसा थर. पाच नंबरला लाल दोरा नव्हता. चार नंबरकडे बघितलं. ती बरी होती. की नव्हती? तीनपेक्षा जरा उतरल्यासारखी वाटत होती.

ते स्टुलावर बसले आणि वही उघडली. सवय होती ती. बॅटरी-रूममध्ये एखादा सेल बिघडला की आधी वही. पाच नंबरचे तिन्ही आकडे बरोबर होते, म्हणजे मीठ नव्हे. मग त्यांचं लक्ष आकड्यांच्या वर गेलं, फेरीच्या बाणाकडे. सोमवारी बाण एककडून सातकडे. गुरुवारी बाण सातकडून एककडे.

गुरुवारी त्यांनी लॅक्टोमीटर आधी सात नंबरच्या, लाल दोऱ्याच्या बाटलीत बुडवला होता. मग सहामध्ये. मग पाचमध्ये. पुसला होता, पण त्याच एका फडक्यानं. तेजाबाच्या एकशे दहा सेलांत एकच तेजाब असतं. या सेलातला थेंब त्या सेलात गेला तर कुणाचं काही बिघडत नाही. चौतीस वर्षांत थेंब इकडचा तिकडे जाणं हा गुन्हा असू शकतो, हे त्यांच्या हाताला कधी कळायचं कारणच पडलं नव्हतं.

ते स्वयंपाकघरात आले. सुधा पोळ्या लाटत होती. त्यांनी सगळं सांगितलं, मधे न थांबता. आणि शेवटी म्हणाले, की उदयला वाटेल वाटेत हलल्यामुळे बिघडलं असेल. बाटल्या अशाच बिघडतातही म्हणे. ते एवढंच म्हणाले, पण तिला पुढचं कळलं.

सुधानं गॅस बंद केला. "तुम्ही चौतीस वर्षं खोटा आकडा लिहिला नाही म्हणून मिरवता. आता निवृत्तीच्या तोंडावर सुरुवात करायची आहे का?"

"नाही."

"मग फोन करा. पोळी नंतर."

कल्पना तेव्हा होडीत होती आणि वारा जोरात होता. शांतारामभाऊंना प्रत्येक वाक्य दोनदा सांगावं लागलं. चूक एकदा कबूल करणं कठीण असतं, ती ओरडून दोनदा करणं म्हणजे काय ते त्यांना त्या दिवशी कळलं. लॅक्टोमीटर, कल्पना. दुधाचा. हो, दुधाचा. सातमधून पाचमध्ये. सगळं सांगून झालं. मग तिनं विचारलं, "मामा, उलटी फेरी एकदाच झाली? नक्की?"

"वहीत आहे. गुरुवारी, सकाळी सात चाळीसला. एकदाच."

"सात, सहा, पाच, चार, तीन, दोन, एक. याच क्रमानं?"

"याच."

"मग पाचमध्ये सगळ्यात जास्त गेले असतील. चारमध्ये त्याहून कमी. एकपर्यंत कदाचित काहीच पोचलं नसेल," ती म्हणाली. तिचा आवाज आता भरभर चालला होता. "पण डोळ्यांना नाही दिसणार. उदयकडे जा. प्रत्येक बाटलीतून नव्या पिचकारीनं चमचाभर पाणी घे, आणि या वेळी एककडून घे हं."

ते शेवटचं वाक्य शांतारामभाऊंना लागलं. पण तिच्या आवाजात राग नव्हता, घाई होती.

स्टोअरमध्ये रजा कळवून एका तासात ते सात छोट्या नळ्या शर्टाच्या खिशात उभ्या धरून स्कूटरवर संस्थेत पोचले. उदय विदिशाचा, सडपातळ, मराठी समजणारा पण हिंदीतच बोलणारा. त्यानं सगळं ऐकून घेतलं, एकदा कपाळाला हात लावला, आणि म्हणाला, "चलिए मामाजी, अब बैठिए और देखिए." म्हणून शांतारामभाऊंनी ते सगळं पाहिलं.

उदयनं प्रत्येक नळीतले जीव फोडून त्यांच्यातली जनुकं वेगळी काढली. मग त्यात परजीवीच्या एका जनुकाची दोन टोकं ओळखणारे बारीकसे तुकडे मिसळले. ते तुकडे फक्त त्या परजीवीलाच चिकटतात, यजमानाला नाही. मग यंत्रात घालून गरम, गार, गरम, गार. दर वेळी जनुकाचा तेवढा भाग दुप्पट होतो. एकाचे दोन, दोनाचे चार, अशी पस्तीस वेळा. बाटलीत परजीवी मोजकेच असले तरी पस्तीस दुपटींनंतर जनुक डोळ्यांना दिसेल एवढं होतं. नसेलच तर शून्याची दुप्पट शून्य. हे शांतारामभाऊंना फार पटलं.

आणखी एक गोष्ट त्यांना पटली. उदयनं सात नळ्यांबरोबर आठवी नळी लावली, त्यात नुसतं शुद्ध पाणी. हे कशाला, तर आपलाच हात घाण असेल तर याही नळीत जनुक उगवेल आणि आपण पकडले जाऊ. शांतारामभाऊ म्हणाले, "म्हणजे तुम्ही रोज स्वतःचीच चोरी पकडायची सोय करून ठेवता."

"मामाजी, हमारे यहाँ रोज़ कोई न कोई पकड़ा जाता है," उदय म्हणाला. "आप पहले नहीं हैं." मग त्यानं स्वतःचा किस्सा सांगितला. सहा महिने तो एक नवा परजीवी सापडला म्हणून नाचत होता, आणि ते जनुक निघालं त्याच्या डब्यातल्या कोथिंबिरीचं. शांतारामभाऊ सकाळपासून पहिल्यांदा हसले.

यंत्राला तीन तास लागले. मग उदयनं ते सगळं एका पारदर्शक जेलीच्या वडीत ओतलं, वीज लावली, आणि दुपारी चारच्या सुमारास ती वडी निळ्या दिव्यावर ठेवली. आठ वाटा. सहा आणि सात नंबरच्या वाटेत जाड चमकता पट्टा, ते असणारच होतं. पाचमध्ये जाड. चारमध्ये जाड. तीनमध्ये पट्टा होता, पण पुसट, पेन्सिलनं हलकी रेघ ओढावी तसा. दोनमध्ये काही नाही. एकमध्ये काही नाही. शुद्ध पाण्यातही काही नाही.

"दो बच गए," उदय म्हणाला.

शांतारामभाऊंनी खिशातून वही काढली आणि उदयला आकडे सांगायला लावले, सातही. तीनच्या रकान्यात त्यांनी 'पुसट' असं लिहिलं. मग त्यांनी कल्पनाला फोन लावला. ती आता किनाऱ्यावरच्या बाजारात होती. ती इतक्या मोठ्यांदा हसली की उदयला पलीकडे ऐकू गेलं. तिथं कुणाला तरी धक्का लागला असावा, कारण मधेच ती कुणाची तरी माफी मागत होती.

एक आणि दोन नंबरच्या बाटल्या त्याच दिवशी संस्थेत दुसऱ्या खोलीत हलवल्या. तिथून त्या वाढवून चार झाल्या, आठ झाल्या. लॅक्टोमीटर सुधानं धुऊन दूधवाल्याच्या पातेल्यात घातला आणि महिनाभर त्याच्याशी भांडण उकरून काढलं, तो भाग वेगळा.

शांतारामभाऊंना वाटत होतं, बाटल्या वाचल्या, प्रकरण मिटलं. कल्पना परत आली ती मात्र पाच आणि चारकडे न बघता थेट तीन नंबरच्या बाटलीकडे गेली. ती पुसट रेघ तिच्या डोक्यात बसली होती. तिनं मामाला समजावलं. सातमध्ये लाखो परजीवी, दोन घराणी मिसळलेली. तिथून थेंब पाचमध्ये गेला, पाचमधून त्याचाही अंश चारमध्ये, तिथून उरलंसुरलं तीनमध्ये. तीनपर्यंत पोचले असतील तर अगदी मोजके, कदाचित एकच. एकटा आला असेल तर पुढची सगळी वंशावळ त्या एकाचीच.

तिनं तीन नंबरमधल्या परजीवीची आधीचीच मोजकी जनुकं वाचायला दिली. चार दिवसांनी कागद आले. मागे जिथं जिथं दोन अक्षरं एकमेकांवर छापलेली होती, तिथं आता एकेक अक्षर स्वच्छ उभं होतं. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत एकच घराणं. पाच महिने केसासारख्या नळीनं जे जमलं नव्हतं ते गुरुवारी सकाळी सात चाळीसला, एका फडक्यानं आणि उलट्या फेरीनं झालं होतं.

"मामा, तू हे परत करून दाखवशील का?" तिनं विचारलं. "या वेळी मुद्दाम?"

वसुधा मॅडमनी त्यांना रीतसर बोलावलं. आता लॅक्टोमीटर नव्हता, दर वेळी नवी काचेची कांडी होती, आणि ती एका बाटलीत ठरावीक खोल, ठरावीक वेळ बुडवून पुढच्या बाटलीत न्यायची. पण हात शांतारामभाऊंचा. पोरांच्या हातून कांडी कधी जास्त बुडायची, कधी कमी. त्यांच्या हातून बारा बाटल्यांत बारा वेळा सारखीच. रजेचे शनिवार त्यांनी तिथं घालवले. दुसऱ्या घराण्याचाही एक एकटा परजीवी त्यांनी दहाव्या बाटलीत वेगळा पकडून दिला. स्टोअरमधल्या टेबलावर ते पूर्वीसारखेच बसायचे, पण आता कुणी विचारलं की शनिवारी काय, तर सांगायला त्यांच्याकडे बरंच असायचं, आणि ऐकणारा पळून जाईपर्यंत ते सांगायचे.

एप्रिलच्या शेवटी सगळी जनुकं वाचायला पाठवायचा दिवस आला. तीन नंबरच्या वंशातल्या परजीवीनं भरलेल्या वीस बाटल्या तयार होत्या. त्या गाळून गोठवायच्या आधी कल्पनानं मामा-मामीला संस्थेत बोलावलं. इतके दिवस शांतारामभाऊंनी या जीवांचे नुसते आकडे, रंग आणि पट्टे पाहिले होते. जीव पाहिला नव्हता. सूक्ष्मदर्शकाजवळ जायला त्यांना संकोच वाटायचा. ते शिकलेल्यांचं काम, असं म्हणायचे.

भर दुपारी खोलीचे पडदे ओढून अंधार केला. कल्पनानं थेंब लावला, निळा उजेड सोडला आणि त्यांना स्टुलावर बसवलं. आधी त्यांना स्वतःच्या पापण्याच दिसल्या. मग तिनं एक चाक किंचित फिरवलं आणि समोर काळं आकाश उघडलं. त्यात यजमान, निळ्या उजेडात बदामीचे लाल झालेले गोळे, गरगर फिरत चालले होते, आणि त्यातल्या कितीतरी गोळ्यांच्या पोटात हिरवा दिवा लावल्यासारखा परजीवी चमकत होता. एक गोळा त्यांच्या डोळ्यांदेखत फुटला आणि हिरवी माळ वळवळत बाहेर पडली.

मागे रांग होती. उदय, दोन नवी पोरं, आणि सुधा, जिनं आधी आपल्याला बघू द्या असं दोनदा सांगितलं होतं. पाच मिनिटं झाली. तिनं त्यांच्या खांद्याला बोट लावलं.

"अहो, आम्हालाही बघायचंय."

"थांब," शांतारामभाऊ डोळा न उचलता म्हणाले. "तेवीसच झालेत मोजून."